मुका कडा

हा समोरचा काळा कडा बघा, तळ्यात पाय सोडून बसलेला. भोवतालचे सगळे डोंगर हाकेला हाक देतात. मागच्या सुळक्याकडं तोंड करून काही बोला, तो तुमचे शब्द जसेच्या तसे परत करील. हा कडा मात्र बोलत नाही. याला आम्ही मुका कडा म्हणतो. पूर्वी तो मुका नव्हता. माझ्या आजेसासूनं तिच्या सासूकडून ऐकलं, त्या काळी सगळ्यांत गोड आवाज याचाच होता, म्हणे.

तेव्हा या काठाला आमच्या लोकांची थोडकी घरं होती. गवत पलीकडच्या उतारावर, माणसं अलीकडं. मधल्या पाण्यात वाळक्या भोपळ्यांची सांगड करायची, तिच्यावर पालथं पडून हातांनी पाणी मारत जायचं. धुकं उतरलं की काठ दिसत नाही. मग सांगडीवरच्यानं हाक द्यायची, काठावरच्यानं ओ द्यायची, आणि त्या ओच्या अंगानं त्यानं घर गाठायचं.

पण धुक्याचं भय दुसरंही होतं. धुक्यात चकवा माणसाचा आवाज काढतो, असं जुनी माणसं सांगत. जो आपल्या जिवाचा, नेमका त्याचाच आवाज. ओ दिली की तो वाट चुकवून नेतो. चकव्याला दोनदाच हाक मारता येते, तिसरी मारता येत नाही, असा समज होता. म्हणून धुक्यात तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, अशी रीत पडली. पाण्यावरच्यांनाही ते ठाऊक असे. ते न थांबता तीन हाका मारत.

त्या वस्तीत कोंडाई नावाची बाई होती. नवरा नव्हता, एकच लेक, धावजी. त्याचं लग्न होऊन वरीस झालं नव्हतं. सून राही. ती चुलीपुढं बसली तरी डोळे पाण्याकडं. कोंडाई म्हणायची, "भाकरी तव्यावर आहे, तळ्यात नाही." राही हसायची आणि भाकरी करपायचीच.

श्रावणात घरची गाय व्याली. ओला चारा हवा म्हणून धावजी पलीकडं गेला. परतताना तो निम्म्या पाण्यात असेल, तेवढ्यात कड्यावरून धुकं घसरलं. दुपारची वेळ, पण हात पुढं केला तर बोटं दिसेनात. सासू-सुना काठावर येऊन उभ्या राहिल्या.

पाण्यातून हाक आली, "आयेऽऽ."

राहीनं तोंड उघडलं. कोंडाईनं तिचं मनगट धरलं. म्हणाली, "थांब. तिसरी येऊ दे."

राही म्हणाली, "आत्याबाई, त्यांचाच आवाज आहे."

"म्हणूनच थांब."

काठ गप्प राहिला, पण कडा राहिला नाही. त्यानं ती हाक आपल्या गोड आवाजात परत दिली. धुक्यात शब्द विरतो, नुसता सूर उरतो. धावजीला वाटलं, आईला धीर धरवला नाही, तिनं पहिल्याच हाकेला ओ दिली. मग आणखी हाका कशाला मारायच्या? त्यानं सांगड तिकडं वळवली. दुसरी हाक आली ती लांबून. तिलाही कड्यानंच जबाब दिला. कड्याच्या पायथ्याला पाणी खडकांवर आपटतं.

तिसरी हाक आली नाही.

धुकं उठलं तेव्हा फुटके भोपळे तरंगत होते. चाऱ्याचा भारा सुटून काडी काडी काठाला लागत होती. बाया सांगतात, गाईनं ते गवत हुंगलं आणि मान फिरवली.

बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. राहीनं त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. पाण्यात गुडघाभर उतरली आणि ओरडली, "धावजीऽऽ." कड्यानं ते नाव तसंच परत दिलं. तेव्हा ती कड्याला म्हणाली, "ज्या तोंडानं त्यांना बोलावून नेलंस, त्या तोंडानं त्यांचं नाव घेऊ नको."

ती हाका मारत राहिली. कडा परत देत राहिला. हळूहळू तिचा आवाज फाटला, तसा कड्याचाही फाटला. तिचा पातळ झाला, कड्याचाही झाला. शेवटी तिचे नुसते ओठ हलले, आणि कड्याकडूनही काही आलं नाही. दोघं एकाच वेळी मुके झाले, असं सांगतात.

राही पुष्कळ वर्षं जगली. बोलली नाही. सासूला तिनं ना दोष दिला, ना ती माहेरी गेली. कोंडाईही फारशी बोलेना. पण धुकं आलं की ती काठावरच्या त्या सपाट दगडावर जाऊन बसे. पाण्यावरून कुणाचीही पहिली हाक आली की ओ देई. पुष्कळदा हाक आलेलीच नसे, तरी देई. भाकरी झाली की राही घरातून टाळी वाजवी. पहिली टाळी पुरी व्हायच्या आत म्हातारी म्हणे, "ओ, आले गं बाई." तेवढंच दोघींचं बोलणं होतं, म्हणे.

कोंडाई गेली, मग त्या दगडावर घराघरातल्या बाया बसू लागल्या. नवी सून घरात आली की सासू तिला तळ्यावर नेते, एकदाच हाक मारते. तिनं लगेच ओ दिली की मगच पाण्याची घागर तिच्या डोक्यावर चढते.

आजही इथं कुणी दुसऱ्या हाकेची वाट बघत नाही. तोंडात घास असला तरी ओ देतात. मघाशी तुम्ही गंमत म्हणून कड्याकडं बघून हाक मारलीत, आणि ओ ऐकून तुम्हाला वाटलं, कडा बोलला. तो नाही बोलला. खालच्या खाचरात भाताची आवणी चाललीय, तिथल्या बायांनी ओ दिली. तुम्ही कोण, त्यांना ठाऊक नाही. त्यांनी मान वर करून पाहिलंही नसेल. पाण्यावर कुणी असेल, तर काठ कुठं आहे ते त्याला कळावं, एवढंच.