रायनगर पूर्व

“चालत आलास?” बाबांनी विचारलं.

“मग काय उडत येऊ?” रणधीर म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. कारण उडणं हाच तर त्याचा धंदा होता.

रणधीर भोईटे. भिंगरी एअरलाइन्सचा मालक. सहा विमानं, चारशे तीस माणसं कामाला, आणि तिकीट इतकं स्वस्त की जन्मभर विमान फक्त मान वर करून पाहिलेले लोक बायकापोरांसकट आत जाऊन बसले. सगळं स्वतःच्या अकलेवर उभं केलेलं. ही गोष्ट तो कधी विसरत नसे आणि समोरच्यालाही विसरू देत नसे.

आज मात्र त्याच्या बुटांवर वाघदऱ्याची बोटभर धूळ होती. शर्ट पाठीला चिकटला होता. भर उन्हात चार किलोमीटरची तंगडतोड करून तो या महादेवाच्या देवळापाशी पोहोचला होता, आणि वाटभर एकाच माणसाच्या नावाने बोटं मोडत आला होता. तो माणूस म्हणजे एस.टी.चा कंडक्टर.

समोर ओट्यावर बसलेले बाबाही कंडक्टरच. एकतीस वर्षं लाल गाडीत डबल बेल दिली, निवृत्त झाले आणि या देवळात येऊन बसले. खाली धोतर, वर अजून तोच खाकी सदरा. खरं नाव खंडू शेलार, पण पंचक्रोशीत कुणाला ते आठवत नाही. सगळे कंडक्टरबाबाच म्हणतात.

रणधीर मूळचा याच गावचा; कॉलेजात असताना त्यांच्याच गाडीने जायचा. तेव्हापासून आयुष्यातलं प्रत्येक मोठं काम तो बाबांच्या पाया पडून करत आला. बाबांची अट एकच. काही विचारायचं असेल तर एस.टी.ने यायचं. मोटारीतून आलेल्याला ते चहा पाजत आणि परत पाठवत, मग तो मंत्री का असेना.

“त्या कंडक्टरला घरी बसवतो की नाही बघा,” रणधीर म्हणाला. “मी वाघदरे सांगितलं होतं. त्याने फाट्यावर उतरवलं आणि डबल बेल मारून चालता झाला.”

“तिकीट आहे?”

रणधीरने खिशातून घामेजलेला कागद काढला. बाबांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि परत त्याच्याच हातात दिला.

“मला दिसत नाही. तू वाच.”

“वाघदरे फाटा,” त्याने वाचलं. “मी फोनवर बोलत होतो, बाबा. त्याने विचारलं असेल. मी मान हलवली असेल.”

“म्हणजे त्यानं सांगितलं होतं.”

रणधीरने तिकिटाचा बोळा करून ओट्यावर टाकला. “ते जाऊ द्या. भांडायला नाही आलो मी. वेळच नाही मला.”

वेळ खरंच नव्हता. ज्या रायनगरावर भिंगरीचा सगळा संसार चालला होता, तिथल्या विमानतळाने भाडं असं काही वाढवलं की तिथे राहून पुढची दिवाळी बघणं कठीण होतं. रायनगरपासून ब्याण्णव किलोमीटरवर हातोळे नावाचं गाव आहे. तिथेही एक लहानसा विमानतळ. धावपट्टी झकास, भाडं नाममात्र, आणि दिवसभरात विमान म्हणून फिरकायचं नाही. भिंगरीने आपला बाडबिस्तरा तिकडे हलवायचा, हे ठरल्यातच जमा होतं. आज संध्याकाळी पाच वाजता तिकीटविक्री उघडायची होती.

अडलं होतं ते एकाच शब्दापाशी. तिकिटावर गावाचं नाव काय घालायचं?

विक्रीचं खातं सांभाळणाऱ्या दमयंती पारखी रोखठोक बाई. त्यांनी सांगितलं होतं, “हातोळे लिहिलं तर विमान अर्धं रिकामं जाईल. रायनगर पूर्व लिहिलं तर उभं राहायला जागा उरणार नाही. अर्धं रिकामं गेलं तर चार महिन्यांत टाळं लागेल, साहेब. पाचच्या आत मला नाव सांगा.”

आणि देवळात फोनला रेंज नव्हती. रेंज होती ती थेट फाट्यावर.

हे सगळं रणधीरने बाबांना भराभरा सांगितलं. सांगताना तीनदा घड्याळ पाहिलं. अडीच वाजून गेले होते.

“आशीर्वाद द्या म्हणजे मी निघतो,” तो म्हणाला. “साडेचारची गाडी गाठायची आहे.”

“कशासाठी आशीर्वाद?”

“आता एवढं सांगितलं ते काय?”

“तू सांगितलंस. विचारलं काहीच नाहीस.”

बाबा उठले, आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. पिंपळाखाली एक कुत्रं झोपलं होतं, त्याचाही रणधीरला राग आला. शेवटी बाबा आले ते एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात एक लोखंडी वस्तू घेऊन. तिकिटाला भोकं पाडायचा जुना चिमटा होता तो.

“पाणी पी. आणि हा धर.”

“हा कशाला?”

“मला रायनगरला जायचंय. डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरनं सकाळी दहाला बोलावलंय. तू कंडक्टर.”

“बाबा, खरंच वेळ नाही हो.”

बाबांनी ओट्यावरचा तो बोळा उचलला. मांडीवर ठेवून तळहाताने सावकाश सपाट केला आणि रणधीरपुढे धरला.

“गावाचं नाव मोठ्यानं सांगायचं आणि मग दाबायचं. मी तसंच करायचो.”

पन्नाशीला टेकलेला माणूस, सहा विमानांचा मालक, हातात चिमटा घेऊन उभा राहिला. म्हाताऱ्याचं मन राखावं आणि सुटावं, एवढाच त्याचा हिशेब होता.

“रायनगर पूर्व,” तो म्हणाला, आणि दाबलं. कागदाला भोक पडलं.

“पूर्व म्हणजे किती पूर्व?”

“पूर्वेलाच आहे ते, बाबा. त्यात खोटं काही नाही.”

“पूर्वेला जपानही आहे.”

रणधीरला हसू आलं नाही.

“विमान टेकतं किती वाजता?”

“साडेआठला.”

“मग दहाला मी डॉक्टरपुढं?”

“तसं नाही... सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. तिथून बस. अडीच तास धरा.”

“म्हणजे साडेअकरा. बस तुझ्याच तिकिटात?”

“नाही. तिचं वेगळं.”

“आणि हे मला कळणार कुठं?”

“तिकिटावर खाली सगळं छापलेलं असतं. बारीक अक्षरात.”

“मला डोळ्याचं ऑपरेशन आहे,” बाबा म्हणाले.

आता मात्र रणधीरचा पारा चढला. त्याने चिमटा ओट्यावर आपटला. कुत्रं उठून दूर जाऊन बसलं.

“सगळे करतात हे. परदेशात तर शंभर-शंभर किलोमीटरवरच्या विमानतळाला शहराचं नाव देतात. लोक चार शिव्या देतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच तिकीट काढतात, कारण ते स्वस्त असतं. आणि तुम्ही मला शब्दात धरता? चारशे तीस घरं आहेत माझ्या मागे. धोंडीबा खरात माझ्याकडे पहिल्या दिवसापासून विमानात सामान चढवतो. त्याची कंबर गेली तरी चढवतो. त्याच्या मुलीची इंजिनिअरिंगची दोन वर्षं राहिलीत. त्याला काय सांगू? एका शब्दासाठी तुला घरी बसवलं, म्हणून सांगू?”

शेवटी शेवटी त्याचा आवाज फाटला. धोंडीबाचं नाव तो वादासाठी घेत नव्हता. गेले तीन आठवडे त्याला झोप नव्हती, आणि जागेपणी डोळ्यांपुढे यायचा तो धोंडीबाच.

“तुम्हाला बोलायला सोपं आहे,” रणधीर म्हणाला. आता त्याला बाबांना लागेल असंच बोलायचं होतं. “एकतीस वर्षांत तुम्ही कुणाला फाट्यावर उतरवलं नाहीत? एकदाही नाही?”

“एकदा,” बाबा म्हणाले.

ते चिमट्याकडे बघत होते.

“याच गावचे सोळा जण होते. त्या काळी प्रत्येक गाडी आत यायची. ड्रायव्हर म्हणाला, उशीर झालाय, आत नको शिरायला. डेपोत बोलणी बसतील. मलाही घरी जायचं होतं. बाहेर अंधार पडला होता. मी दार उघडलं आणि म्हणालो, वाघदरे आलं.”

“मग?”

“उतरले सगळे. मी म्हणालो म्हणून उतरले.”

“काही झालं कुणाला?”

“छे. काय होणार? चालत गेले, घरी पोहोचले. कुणी तक्रारसुद्धा केली नाही. साधी माणसं.”

रणधीरने हात पसरले. म्हणजे बघा, असं त्याला म्हणायचं होतं.

“दुसऱ्या दिवसापासून गाडी पुन्हा आत यायला लागली,” बाबा म्हणाले. “रोज पारापाशी थांबायची. मी रोज म्हणायचो, वाघदरे आलं. आणि जो तो उठायच्या आधी खिडकीतून बाहेर बघायचा. एकोणीस वर्षं बघत होते. पोरंसोरंही. ज्यांना काही माहीत नव्हतं तीसुद्धा आईबापाचं बघून बघायला शिकली.”

रणधीरला आठवलं. तोही बघायचा. कॉलेजातून परत येताना बाबा गावाचं नाव पुकारायचे, आणि तो आधी खिडकीतून वाकून पार दिसतोय का ते बघायचा. सगळे बघतात म्हणून बघायचा. का ते त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्याने मान खाली घातली.

“मग जाऊ नको का हातोळ्याला?” त्याने विचारलं. आवाज पार उतरला होता.

“मी कुठं म्हटलं जाऊ नको? तिकडं भाडं परवडतंय तर जा की.”

“हातोळे लिहिलं तर लोक येणार नाहीत.”

“नसतील येत.”

“मग बुडालो मी.”

“बुडशीलही.”

“बाबा, मला काहीतरी सांगा हो.”

बाबांनी सूर्याकडे पाहिलं. “चल. गाडीची वेळ झाली.”

त्यांनी आतून पाण्याची कळशी आणली आणि खांद्यावर घेतली. रोज दुपारी साडेचारच्या गाडीला बाबा पाणी घेऊन फाट्यावर जातात, हे रणधीरला माहीत होतं. म्हातारपणी जिवाला काही नेम असावा, म्हणून जात असतील, असं तो इतकी वर्षं समजत होता. आज त्याने कळशी आपल्याकडे मागितली. बाबांनी दिली नाही.

दोघं चार किलोमीटरच्या वाटेला लागले. ऊन उतरलं होतं. रस्त्यावर सावली अशी कुठे नव्हतीच. रणधीरच्या टाचेला फोड आला होता, आणि पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं पाणी एकदाही हिंदकळलं नाही. सोळा माणसं अंधारात याच वाटेने गेली असतील, हा विचार त्याच्या डोक्यातून हटेना. त्यातलं कुणी दमलेलं असेल. कुणाच्या कडेवर मूल असेल.

फाटा आला तशी खिशात फोन थरथरायला लागला. सात फोन येऊन गेले होते, सगळे पारखीबाईंचे. आठवा वाजतच होता. गाडीला उशीर झाला होता आणि पाचाला वीस मिनिटं कमी होती.

लाल गाडी फाट्यावर उभी राहिली. कंडक्टर तोच, दुपारचा. हातात तिकिटाचं मशीन घेऊन तो दारात उभा होता. एक म्हातारा काठी टेकत उतरला आणि सरळ बाबांच्या कळशीपुढे ओंजळ धरून वाकला. बाबा पाणी ओतायला लागले.

रणधीरने एक पाय पायरीवर ठेवला आणि फोन कानाला लावला.

“साहेब, अहो आहात कुठे?” पारखीबाईंचा आवाज चिरका झाला होता. “सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेत. धोंडीबासुद्धा वर येऊन उभा आहे. नाव काय घालू?”

कंडक्टरने मशीनवर बोट ठेवलं. “बोला साहेब. कुठलं देऊ?”

रणधीरने मागे वळून बाबांकडे पाहिलं.

बाबांचं लक्ष त्या म्हाताऱ्याच्या ओंजळीत होतं. मान वर न करता ते म्हणाले,

“जिथं उतरायचं, तिथलंच दे.”