पहिल्या आंघोळीचा शॉवर

जीपगाड्यांना बोलता येत असे, तेव्हाची गोष्ट. दिवाळीत रानात तंबू ठोकायला निघालेल्या जीपच्या डिकीत सभा भरली. पहिल्या आंघोळीला गरम पाणी कोण देणार?

उन्हावर पाणी तापवणारी काळी पिशवी म्हणाली, "मला दिवसभर उन्हात ठेवा, संध्याकाळी कढत पाणी देते."

"संध्याकाळी अभ्यंगस्नान?" बादली खेकसली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उजाडायच्या आत हवंय!"

विजेचा शॉवर पुढे सरसावला. "माझी वायर जीपच्या बॅटरीला जोडा. बटण दाबलं की वाफाळतं पाणी!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बॅटरीला कुणी विचारलं नाही.

पहाटे उटणं लावून अख्खं कुटुंब कढत पाण्यानं न्हालं. शॉवर कौतुकानं फुगला. फराळ झाला, तंबू आवरला, किल्ली फिरवली. जीप हू की चू करेना!

"अगं बाई, हिला झालं तरी काय?" बादली किंचाळली. डिकीत सगळ्यांची बोबडी वळली.

बॅटरीचा क्षीण आवाज आला, "माझ्यातली सगळी ऊब तुम्ही अंगावर ओतून घेतलीत."

शॉवरच्या तोंडून एक थेंब गळला. "तुझी?" तो पुटपुटला. "मला तर ती माझीच वाटत होती."