हुशारीवरची जकात

विषय : परमुलखातील विद्यार्थिनीस गुणवत्तेची विद्यावृत्ती मिळणेबाबत.
अर्जदार : येसू, वडिलांचा धंदा घोंगड्या विणणे, राहणार खडकाळी.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, येसूला वैद्यकी शिकायची होती. खडकाळीत वैद्य नव्हता. सगळ्यात जवळचा वैद्य इतका लांब राही की, तो पोचेपर्यंत रोगी एकतर आपोआप बरा झालेला असे, नाहीतर वैद्य थेट तेराव्याच्या पंगतीला बसे. येसूची आत्या अशीच साध्या तापाने गेली. तेव्हापासून पोरीने हट्टच धरला.

शेजारच्या सुवेळनगरात राजा विक्रांतदेवाचं मोठं विद्यापीठ होतं. बाहेरच्यांना तिथे तिप्पट शुल्क; पण परमुलखातून येऊन जो परीक्षेत पहिला येईल त्याला सगळं माफ, असा नियम दरवाजावर कोरलेला. येसू नाका ओलांडून आली, दुसऱ्याच दिवशी परीक्षेला बसली आणि पहिली आली.

इथेच घोटाळा झाला. आजवर बाहेरचं कुणी पहिलं आलंच नव्हतं, त्यामुळे नियम नुसता कोरून भागत होतं. आता पाळायची पाळी आली!

राजाने तिला दरबारात बोलावलं.

"पोरी, पैसा आमच्या रयतेचा आणि हुशारी खडकाळीची? परक्यांच्या जोंधळ्यावर पोसलेल्या बुद्धीला आम्ही का पोसावं?"

"महाराज, नियम तुमचाच आहे."

"आणि नियमाचा अर्थही आमचाच! तुझी हुशारी आमच्या राज्यात पिकलेली आहे, हे उद्या सूर्य मावळायच्या आत सिद्ध कर. नाहीतर तिप्पट शुल्क भर, किंवा घोंगड्या विणायला परत जा!"

दरबारातले पंडित गालात हसले. येसूने कुणाकडे पाहिलं नाही. तिप्पट सोडा, एकपट शुल्क भरायचं तरी बापाला सगळ्या मेंढ्या विकाव्या लागल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ती हजर झाली ती रिकाम्या हातांनी.

"पुरावा कुठे आहे?" राजाने विचारलं.

"तुमच्याच चाकरीत आहे, महाराज. नाक्यावरच्या जकातदारांना बोलवा."

जकातदार रंगो नाईक आले. पोट पुढे, मिशा त्याच्याही पुढे.

"नाईक," येसू म्हणाली, "बाहेरून आत येणारी एखादी चीज तुमच्या नजरेतून सुटते का हो?"

"सुटते? माझ्या?" नाईकांच्या मिशा थरथरल्या. "अगं, वाऱ्याबरोबर आलेल्या भुशावर जकात घेतलीय मी!"

"त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक पोपटवाला होता..."

"होता ना! पोपटाची वेगळी, पिंजऱ्याची वेगळी, आणि पोपटाला येणाऱ्या श्लोकांची वेगळी जकात घेतली. श्लोक तो बाहेरून शिकून आला होता!"

"शाब्बास, नाईक!" राजा खूश झाला.

"आणि माझ्याकडून काय घेतलंत?"

"एका घोंगडीची. भाकरीच्या गाठोड्याची. लसणीच्या चटणीची."

"हुशारीची?"

"हुशारी नव्हतीच तुझ्याजवळ!"

"नीट तपासलं होतंत?"

"पोरी, माझ्या तपासणीवर शंका घेतेस? असती तर सोडली असती होय?"

येसू राजाकडे वळली. "ऐकलंत, महाराज? आत आले तेव्हा माझ्याजवळ हुशारी नव्हती. परीक्षेला होती. म्हणजे ती नाक्याच्या अलीकडे, तुमच्याच राज्यात पिकली!"

राजा सिंहासनावर सावरून बसला.

"एका रात्रीत?"

"इथली माती इतकी सुपीक, की सकाळी पेरलं तर संध्याकाळी कापावं, असं तुमचे भाट रोज गातात. ते खोटं बोलत असतील तर माझं काही म्हणणं नाही."

भाटांनी घाईघाईने माना डोलावल्या. मातीचंच कर्तृत्व, महाराज, मातीचंच!

"आणि समजा, नाईकांच्या नजरेतून सुटली असेल तर?"

"तर मग फार सुटलं, महाराज. हे सगळे पंडितही बाहेरूनच आलेत. त्यांच्या विद्येवरची जकात कुणाकडून वसूल करायची, पंडितांकडून की नाईकांकडून?"

पंडितांचं गालातलं हसू गालातच राहिलं. नाईकांनी मात्र राजापुढे लोटांगणच घातलं.

"शपथेवर सांगतो सरकार, ही आत आली तेव्हा हिच्याजवळ हुशारी नव्हती!"

"आणि पंडितांजवळ?"

"त्यांच्याजवळही नव्हती, सरकार! हवं तर आत्ता पुन्हा तपासतो!"

राजा असा हसला की मुकुट घरंगळून मांडीवर आला. हसता हसताच त्याने येसूच्या खांद्यावर आपली शाल घातली. "हिला आजच वैद्यशाळेत बसवा! विद्यावृत्तीचे कागद होईपर्यंत हिचं जेवणखाण आमच्या मुदपाकखान्यातून, आणि शुल्क मागायला कुणी गेलाच तर त्याला माझ्याकडे पाठवा!"

येसू त्याच दिवशी वर्गात बसली. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत खडकाळीला जाऊन तापावर काढा देते.

विद्यावृत्तीच्या अर्जावर चिटणीसांचा शेरा असा : "योजना परमुलखातील हुशारीकरिता आहे. अर्जदाराची हुशारी दरबारात स्थानिक ठरलेली आहे. सबब प्रकरण कोणत्या सदरात घ्यावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे."

मार्गदर्शन आलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.