तिसऱ्या हाकेचा केरबा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. फार म्हणजे देव माणसांशी बोलत होते इतकी फार नव्हे. उंबरघळीवर पूल नव्हता आणि गावात विजेचा खांब नव्हता, इतकी फार. तेव्हा उंबरघळ गावात केरबा भोंगेवाला राहायचा. त्याच्याकडे एक भोंगा होता, आवाज मोठा करणारं एक मशीन होतं, एक माईक होता आणि कुठल्याशा ट्रकातून काढलेली एक जुनी बॅटरी होती. लग्न असो, जत्रा असो, कुस्त्यांचा फड असो, केरबाचा भोंगा झाडावर चढल्याशिवाय नारळ फुटत नसे.

बॅटरी उतरली की केरबा ती डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा आणि बाजारच्या गावी भाताच्या गिरणीवर भरून आणायचा. असं म्हणतात की ती वाहून वाहून त्याचं डोकं वरून इतकं सपाट झालं होतं की भरलेली घागर त्यावर चुंबळीशिवाय राहायची. घागर कोणी ठेवून पाहिली होती ते मात्र कोणी सांगत नाही.

गावासमोर घळ आहे, आणि घळीच्या पलीकडे कड्यावर धनगरवाडा आहे. केरबाचा जन्म त्या वाड्यावरचा. लहानपणी बापाने त्याला घळ उतरवून गावच्या शाळेत आणून घातलं होतं. थोड्याच दिवसांत त्याचं नाव पटावरून कमी झालं. का कमी झालं, ते त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पुढे तो एका भोंगेवाल्याच्या मागे जत्रा जत्रा हिंडला आणि म्हातारा गेल्यावर भोंगा केरबाकडे आला. अक्षर मात्र आलं नाही. माईकसमोर लग्नाची निमंत्रणं लोक त्याच्या कानात सांगायचे आणि तो मोठ्याने बोलायचा.

वाड्यावरची पोरं उन्हाळ्यात घळ उतरून शाळेत यायची. पाऊस लागला की घळीतला ओढा फुगायचा आणि दसऱ्यापर्यंत कोणाला पाय घालू द्यायचा नाही. माणसं मग या कड्यावरून त्या कड्याला हाळी द्यायची. कोण बाळंत झालं, कोणाची म्हैस गेली, एवढं हाळीत मावतं. हाळी पोचते, पण धडा पोचत नाही. दसऱ्याला पोरं परत यायची ती सगळं विसरून, आणि पुन्हा त्याच वर्गात बसायची. दोन वर्षं तसं बसलं की मग यायचीच नाहीत.

शाळेवर सोनुले गुरुजी होते. खालच्या मुलखातले, बारीक आवाजाचे, शिकवायला लागले की घड्याळ विसरणारे. एका वर्षी शाळा तपासणाऱ्या डिप्टी साहेबांनी त्यांना बजावलं, "पावसाळाभर गैरहजर राहणारी मुलं पटावर ठेवता येणार नाहीत. मी श्रावणात स्वतः येऊन बघेन."

वाड्यावर लगमी नावाची मुलगी होती, बिरू येडग्याची. चौथीत होती आणि हुशार होती. बिरूने गुरुजींना सांगून ठेवलं होतं की नाव पटावर राहिलं तर पोरीला पुढं शिकवीन, नाव गेलं तर ती मेंढरांबरोबर देशावर जाईल. बिरू वाईट माणूस नव्हता. पण मेंढरांमागे माणूस लागतंच, आणि शाळेलाच नको असलेली पोरगी घरात बसवून तो तरी काय करणार?

तेव्हा गुरुजी केरबाच्या खोपटात गेले.

"केरबा, तुझा भोंगा पलीकडं ऐकू जाईल का?"

"काय विचारता, गुरुजी? हिकडं मंगलाष्टका लागल्या की पल्याडची शेरडं रवंथ थांबवत्यात."

"मग त्यातनं शाळा गेली तर?"

केरबाने जरा वेळ विचार केला. भोंग्यातून नवरा गेला होता, नवरी गेली होती, हरवलेली पोरं आणि सापडलेल्या चपला गेल्या होत्या. शाळा गेली नव्हती. तो म्हणाला, "घालून बघू."

ओढा फुगायच्या आधी त्याने वाड्यावर निरोप पोचवला की पाऊस लागला की रोज सकाळी पोरांना पाट्या घेऊन कड्यावर बसवा, शाळा तिकडं येईल. मग त्याने शाळेमागच्या उंबरावर भोंगा बांधला, तोंड घळीकडे केलं, आणि मशीन पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवलं.

पाऊस लागला आणि गुरुजी शिकवू लागले. धुकं असं असायचं की शाळेच्या पायरीवरून उंबर दिसत नव्हता, मग पलीकडचा कडा कुठला दिसणार! गुरुजींचा बारीक आवाज भोंग्यात शिरायचा आणि लोखंडाचा होऊन बाहेर पडायचा. कविता म्हणून व्हायची, पाढे व्हायचे, घळीतलं पाणी कोणत्या नदीला मिळतं आणि ती नदी कुठे जाते ते सांगून व्हायचं. असं म्हणतात की त्या पावसाळ्यात घळीतल्या वानरांना पाढे पाठ झाले. एका म्हाताऱ्या बोक्याने सगळी कविता ऐकली आणि पुढे जन्मात उंदीर मारला नाही. मी यातलं निम्मं मानतो. कुठलं निम्मं ते तुम्ही ठरवा.

पण एक गोष्ट सगळे सारखीच सांगतात. गुरुजी विचारायचे, "बारा सत्ते किती?" आणि थांबायचे. पलीकडून काही यायचं नाही. ते पुढचा प्रश्न विचारायचे. त्यालाही काही यायचं नाही. धुक्यात फक्त ओढा वाजत राहायचा.

केरबाला वाटलं, दोष यंत्राचा. त्याने भोंगा उंबराच्या शेंड्यावर नेला. मग बॅटरी भरून आणली, धो धो पावसात, घोंगडीखाली झाकून. मग वायर बदलली. मग भोंग्याच्या तोंडातलं गांधीलमाशीचं पोळं काढलं आणि त्यापायी दोन दिवस त्याला डोळा उघडता आला नाही. एकदा त्याने कड्यावर जाऊन हाळीही दिली, "ऐकू येतंय का रंऽऽ?" एकदाच दिली. उत्तर आलं नाही तेव्हा तो खाली मान घालून परत आला.

"केरबा, मी भिंतीला शिकवतोय रे," गुरुजी म्हणाले.

"भिंत आसंल तर आसंल. तुम्ही थांबू नका," केरबा म्हणाला. त्याचंही मन बसलं होतं, पण ते त्याने दाखवलं नाही.

श्रावणात डिप्टी साहेब आले. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरले होते, एका पायातली वहाण वाटेत कुठेतरी राहिली होती, पण आले. गुरुजींनी सगळा प्रकार सांगितला. साहेबांनी भोंगा पाहिला, मशीन पाहिलं, आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे गुरुजी. पण बोलणारा आहे म्हणून ऐकणारा आहे असं मी कसं लिहू? एका तरी मुलाने ओ दिली तर मी सगळी नावं ठेवतो."

त्यांनी स्वतः माईक हातात घेतला. हजेरी उघडली आणि पुकारलं, "लगमी बिरू येडगे."

ओढा वाजत राहिला. गुरुजी पडवीचा खांब धरून उभे होते.

साहेब भला माणूस. त्यांनी पुन्हा पुकारलं, "लगमी बिरू येडगे."

काही नाही. साहेबांनी माईक खाली ठेवला आणि खिशातलं पेन काढलं. गुरुजींनी तोंड फिरवलं.

"सायेब, आजून एकदा," केरबा म्हणाला.

"दोनदा पुकारलं ना, बाबा."

"आमच्यात तीनदा पुकारत्यात. जत्रंत हरवल्यालं पोर आसलं तरी तीनदा. दोनदा पुकारून भोंगा ठेवला, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

आणि साहेब हो-नाही म्हणायच्या आत त्याने माईक उचलला. भोंगेवाल्याची सवय होती ती, दुसरं काही नव्हतं. त्याने जत्रेत पुकारतात तसं लांबवून पुकारलं, "लगमीऽऽ बिरूऽऽ येडगेऽऽ."

आणि धुक्यातून आली, "ओऽऽऽ!"

बारीक, लांबलचक, खणखणीत ओ. साहेबांनी पेन परत खिशात घातलं.

साहेबांनी मग माईकमध्ये विचारलं, "बाळ, तू रोज ऐकत होतीस का?" उत्तर नाही. केरबाने खूण केली. साहेबांनी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा पलीकडून आलं, "रोज ऐकतुया! समदी ऐकतुया!"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" हेही त्यांनी तीनदा विचारलं.

पलीकडून लगमीची हाळी आली, "तिसऱ्यांदा कुणी बोलावलंच न्हाईऽऽ!"

तेव्हा केरबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाड्यावर लेकरू बोलायला लागलं की पहिलं हेच शिकवतात. माणूस दिसत नसेल आणि हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही देऊ नये. रानातलं भूत दोनदा हाक मारतं. तिसरी हाक माणूसच मारतो. धुक्यात, लोखंडाच्या आवाजात, कोणी एकदाच काही विचारलं तर वाड्यावरचं कुठलं शहाणं पोर त्याला उत्तर देईल? ती सगळी कड्यावर बसून ऐकत होती, पाटीवर लिहीत होती, पुसत होती, आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत होती.

केरबा हे शिकला होता आणि गावात राहून राहून विसरला होता. आता त्याला दुसरंही आठवलं. लहानपणी त्याला शाळेत आत बसवलं नव्हतं, बाहेर पडवीत बसवलं होतं. मास्तर आत, भिंतीपलीकडे. आतून रोज हाक यायची, "केरबा धुळा कोकरे." एकदाच यायची. माणूस दिसायचा नाही. तो दुसऱ्या हाकेची वाट बघायचा, तिसरीची बघायचा, आणि आत पुढचं नाव सुरू व्हायचं. म्हणून त्याचं नाव गेलं होतं. तो रोज शाळेत होता. रोज हजर होता.

केरबा बॅटरीवर बसला आणि एवढा बाप्या माणूस ढसाढसा रडला. माईक चालूच राहिला होता. ते रडणं भोंग्यातून पलीकडे गेलं, आणि वाड्यावरच्या बायका आजही सांगतात की त्या सकाळी घळ रडली.

साहेबांनी एकही नाव कमी केलं नाही. त्या दिवसापासून गुरुजी प्रत्येक प्रश्न तीनदा विचारू लागले, आणि तिसऱ्यांदा कड्यावरून उत्तरांची अशी गर्दी यायची की अलीकडची पोरं अभ्यासाला लागली, कारण पलीकडून चूक काढली की सगळ्या गावाला ऐकू जायची. लगमी पुढे शिकली. तालुक्याला तिने मास्तरकी केली आणि तिच्या वर्गात कधी कोणी पहिल्याच हाकेला गैरहजर झालं नाही.

केरबाचं पुढे काय झालं, यावर गावात दोन तट आहेत. एक तट म्हणतो की धुक्यात तो उंबरावर चढला आणि खाली उतरलाच नाही, झाडावर नुसता भोंगा राहिला. त्या दिवशी वायर तुटलेली होती, तरी भोंगा एकदा बोलला म्हणे. मी म्हणतो की तो म्हातारा झाला, लेकीकडे गेला आणि तिथे सुखाने वारला. पण माझं म्हणणं ऐकायला फारसं कोणी थांबत नाही.

आता घळीवर पूल आहे. शाळेत भिंतीएवढा पडदा आहे, पोरांच्या हातात टॅब आहेत, आणि पुलावरून पाणी गेलं तर वाड्यावरची पोरं घरी बसून पडद्यातल्या बाईंना बघतात. नव्या बाई आल्या की पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येतात, की पलीकडची मुलं बोलत नाहीत, नेट गेलं असेल. मग कोणीतरी त्यांना सांगतं, "बाई, तीनदा विचारा. पडद्यातलं माणूस वाड्यावर अजून माणसात धरत नाहीत." आमच्या शाळेत तीनदा पुकारल्याशिवाय कोणाला गैरहजर लावत नाहीत. कोणी कागदावर काढलेला नियम नाही, पण तो मोडायची कोणाची छाती नाही.

आणि जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी सगळी पोरं उंबराखाली उभी करतात. भोंगा अजून तिथेच आहे, गंजलेला, वायर नसलेला. हजेरीचं पहिलं नाव पुकारतात, "केरबा धुळा कोकरे." सगळे गप्प राहतात. पुन्हा पुकारतात, तरी गप्प. पहिलीतली नवी पोरं एकमेकांकडे बघतात, हा कोण, हा आला नाही वाटतं. मग तिसऱ्यांदा पुकारतात, आणि सगळी शाळा एका आवाजात ओ देते.

तेवढ्यात पलीकडच्या कड्यावरूनही एक ओ येते, जरा उशिरा. बाई पोरांना समजावतात की तो प्रतिध्वनी. आम्ही काही बोलत नाही. हजर लावतो आणि दुसरं नाव घेतो.