मगर-नागरिक स्नेहमेळावा

करवंदबन नावाच्या जंगलात सिंह होता तोवर कारभार सोपा होता. सिंह खायचा, बाकीचे पळायचे. पुढे सिंह म्हातारा होऊन मेला आणि जंगलाला नगरपालिका मिळाली. तेव्हापासून पळणं बंद झालं, कारण कुणी पळताना दिसलं की नगराची बदनामी होते.

पहिल्याच निवडणुकीत नानासाहेब तरस नगराध्यक्ष झाले. त्यांचं तोंडच हसरं. सांत्वनाला गेले तरी हसरं, त्यामुळे फोटो कधी वाया जात नसे. करवंदबनातल्या प्रत्येक झाडाला त्यांचा एक फलक होता आणि झाडांनाही आता त्याची सवय झाली होती. नानासाहेबांनी 'नगरवार्ता' सुरू केली. रोज सकाळी साळुंकी सभागृहासमोरच्या बाभळीवर बसून नगरात काय काय चांगलं झालं ते ओरडून सांगायची. काही झालं नसेल तर काय होणार आहे ते सांगायची.

त्या उन्हाळ्यात खालच्या आळीच्या पाणवठ्यात मगर आली. रहिवासी म्हणाले, नवीन आली. नगरपालिका म्हणाली, होतीच, तुमच्या लक्षात आत्ता आली. या मुद्द्यावर चर्चा चालू असताना गिरजाबाई भेकर हिचा नवरा पाणी प्यायला गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी साळुंकीने बातमी दिली, "खालच्या आळीत पाण्याच्या मागणीत समाधानकारक घट."

गिरजाबाईच्या पदरात एक लेक होती, बकुळी. अजून पायांत पाय अडकून पडायची. आई तिला पाण्याजवळ जाऊ देत नव्हती. पहाटे गवतावरचं दव चाटवायची, दुपारी आवळ्याची पानं चघळायला द्यायची, आणि संध्याकाळी पोरीच्या कोरड्या जिभेकडे बघून तिला रडू यायचं. सभागृहामागे कातळात कोरलेलं एक टाकं होतं. पाणी बारमाही आणि गार. ते नगरसेवकांसाठी राखीव होतं.

गिरजाबाई सभागृहात गेली. साळुंकी दारातच भेटली.

"मगर काढा," गिरजाबाई म्हणाली. "ते जमत नसेल तर तोवर टाकं तरी उघडा. निदान लेकरांपुरतं."

"गिरजाक्का, तू अगदी वेळेवर आलीस," साळुंकी म्हणाली. "खालच्या आळीसाठी साहेबांनी आख्खा सप्ताह ठेवलाय."

आणि सप्ताह खरंच झाला. उद्घाटनाला मान न वाकवता पाणी पिण्याचं मोफत प्रशिक्षण होतं. ते बगळ्याने दिलं आणि प्रमाणपत्रं वाटली. तहान लागल्यावर मन कसं रमवावं यावर एका वटवाघळाचं उलटं लटकून व्याख्यान झालं. महिलांसाठी पाणवठ्याच्या अगदी काठावर रांगोळी स्पर्धा ठेवली होती. तिच्यात पहिला नंबर मगरीचा आला, कारण निकालाच्या वेळी काठावर दुसरी स्पर्धक उरली नव्हती.

समारोपाला मगर-नागरिक स्नेहमेळावा झाला. मगरीने डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं. ती म्हणाली, "मला परकं समजू नका. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी माझ्या अगदी आत आहे." सगळे भारावले. नानासाहेब म्हणाले, "अशी आपुलकी आज दुर्मीळ झाली आहे," आणि मगरीला पाणीपुरवठा समितीवर घेतल्याचं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

गिरजाबाई सप्ताहभर सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून होती. नानासाहेब तिला भेटले नाहीत. ते तिच्याच आळीच्या कार्यक्रमात व्यग्र होते.

शेवटी शेजारच्या रंगनाथ सशाला तिची दया आली. रंगनाथ हे आळीतले ज्येष्ठ. नगरपालिकेच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचे, घरी शालींची चळत होती, आणि कान थरथरायला लागले होते तरी टाळी खणखणीत वाजायची.

"पोरी, तुझी पद्धतच चुकली," ते म्हणाले. "तक्रार घेऊन गेलं की साहेब दौऱ्यावर असतात. सत्कार घेऊन गेलं की घरी असतात. तू त्यांचा सत्कार ठेव."

"कशाबद्दल आजोबा? माझा नवरा गेला त्याबद्दल?"

"कशाबद्दल ते कोण विचारतंय? शाल आण, कवठ आण. नारळ कुठून मिळणार आपल्याला. साहेब सत्काराला उत्तर द्यायच्या आधी माईक तुझ्या हातात येतो. तेवढ्यात बोलून घ्यायचं."

करवंदबनात ही रीत पक्की होती. तिथं कुणालाही काहीही मागायचं असलं तर आधी ते मिळाल्याबद्दल आभार मानावे लागत. गिरजाबाईने पळसाच्या पानांची शाल विणली. आळीने कवठं गोळा केली. फलकावर काय लिहायचं यावर थोडा वाद झाला आणि मग 'पाणीप्रश्न सोडवल्याबद्दल जाहीर सत्कार' असं लिहिलं. नानासाहेब वेळेआधी आले.

शाल पांघरून झाली, कवठ देऊन झालं. गिरजाबाई माईकपुढे उभी राहिली.

"साहेबांचे आभार," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब, पाणी मिळालेलं नाही. माझी पोर सुकत चालली आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. करवंदबनात वक्ता थांबला की टाळी पडते. काय म्हणाला ते नंतर घरी जाऊन बघतात.

"मगर काढा, नाहीतर टाकं उघडा. दोन्हींतलं एक करा. मी पाया पडते."

आता मात्र टाळी पडली नाही. पहिल्या रांगेतले नगरसेवक टाक्याचं नाव ऐकून ताठ बसले. नानासाहेब हसत उठले.

"या माऊलीने एक मागितलं," ते म्हणाले. "पण मी एकावर थांबणारा नगराध्यक्ष नाही. दोन्ही मागण्या मान्य."

आळी नाचली. रंगनाथ आजोबांनी टाळ्या वाजवून पुढचे पाय सुजवून घेतले. गिरजाबाईने बकुळीला जवळ ओढलं आणि पोटभर रडून घेतलं. आपण उगाच या माणसाला नावं ठेवली, असंही तिला वाटलं. करवंदबनात 'माणूस' हा शब्द आदराने वापरतात.

दोन्ही मागण्यांची अंमलबजावणी त्याच आठवड्यात झाली. मगरीला खालच्या पाणवठ्यातून वाजत-गाजत काढलं आणि गव्यांच्या पाठीवरून मिरवत नेऊन टाक्यात सोडलं. मग टाकं जनतेसाठी उघडलं. नगरसेवकांची त्यामुळे गैरसोय झाली, म्हणून खालच्या पाणवठ्याभोवती काटेरी कुंपण घालून तो त्यांना देण्यात आला. साळुंकीने बातमी दिली, "नगरसेवकांनी जनतेसाठी हक्काचं टाकं सोडलं. अनेकांचे डोळे पाणावले."

लोकार्पणाला फीत कापली गेली. पहिलं पाणी पिण्याचा मान रंगनाथ आजोबांना दिला.

"आजोबा, थांबा," गिरजाबाई म्हणाली. "पाण्यात डोळे आहेत."

"अगं, शुभकार्यात असं बोलू नये. साहेब उभे आहेत."

"ती तिथंच आहे, आजोबा. सगळ्यांनी तिला सोडताना बघितलंय. तुम्हीच हार घातलात ना?"

"म्हणजे ओळखीचीच झाली की," रंगनाथ म्हणाले, आणि फोटोसाठी थोडं डावीकडे सरकून वाकले.

पाणी एकदाच उडालं. नानासाहेब फोटोत हसरे आले. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. साळुंकीने बाभळीपर्यंत जायचीही वाट पाहिली नाही. "ज्येष्ठ नागरिकास योजनेत पूर्णपणे सामावून घेण्यात आलं," ती तिथूनच ओरडली.

गिरजाबाई मात्र भुंकायला लागली. भेकराची जात, संकट दिसलं की भुंकते. शेजाऱ्याला सावध करायला भुंकते, त्यात दुसरा काही हेतू नसतो. ती घसा बसेपर्यंत भुंकली. त्यावर नानासाहेबांनी लगेच दोन निर्णय घेतले. सार्वजनिक पाणवठ्याजवळ भुंकायला बंदी झाली, आणि नागरिकांच्या मनातली भीती काढण्यासाठी आणखी एक सप्ताह जाहीर झाला. शेजारी गिरजाबाईला म्हणाले, "जरा दमाने घे. कामं तर होतायत ना? आधी एवढे कार्यक्रम तरी व्हायचे का?"

गिरजाबाईने बकुळीला पुढे घातलं आणि डोंगर चढायला लागली. पोर मध्येच बसायची. ती तिला नाकाने ढोसून उठवायची. पलीकडच्या उतारावर एक ओढा लागला. काठावर एक म्हातारी घोरपड ऊन खात पडली होती. बकुळी पाण्याकडे धावली, तशी गिरजाबाईने तिला आडवं होऊन अडवलं.

"मावशी, इथं मगर आहे का?"

"नाही बाई."

"मग काय आहे?"

"बिबट्या आहे एक. भूक लागली की येतो आणि खातो."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काय?"

"म्हणजे मेळावा, सत्कार, असं काही?"

घोरपडीने एक डोळा उघडला. "नाही बुवा. नुसता खातो. तो येताना दिसला तर आम्ही ओरडतो आणि सगळे पळतो."

"ओरडलेलं चालतं?"

"चालतं म्हणजे? कुणाला विचारायचं?"

गिरजाबाई बाजूला झाली आणि बकुळीला म्हणाली, "पी बाई. इथं नुसता बिबट्या आहे."