ठकूमावशीनं उष्टावलेली कढी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आज्याचा आजा नाक ओढत उघडा हिंडायचा तेव्हा, आमच्या बोरशिंगव्यात ठकूमावशी नावाची कल्हईवाली होती. पितळेच्या भांड्यात आंबट कळकू नये म्हणून आतून कथलाचा पांढरा हात फिरवायचा, हे तिचं काम. नुसतं भांडं चाटून ती ते कुणाच्या घरचं, आणि त्या घरात काल भांडण झालं का, हेही सांगायची, असं म्हणतात.

जाखाईच्या उत्सवाचं गावजेवण होतं. आता आमच्या गावाची अक्कल ऐका. देवीपुढं तपेलं सोन्यासारखं झळकावं म्हणून गड्यांनी ते चिंच-राखेनं घासलं. बाहेरून घासलं ते घासलं, आतूनही खरवडलं! कल्हई गेली, पिवळंधमक पितळ उघडं पडलं, आणि शहाणे खूश. त्यात पहाटेपासून आंबट कढी मुरत ठेवली. बरं, चाखणार कोण? नैवेद्याआधी चाखायचं नाही, आणि नैवेद्यानंतर प्रसादाला नाव ठेवायचं नाही.

पहिली पंगत मानकऱ्यांची. त्यांना लहान, कल्हई शाबूत असलेल्या पातेल्यातली कढी. ते ढेकर देत उठले. दुसरीला तपेल्यातली. ती पंगत हात धुते न धुते तोच माणसं पोट धरून खाली बसू लागली. देवळाचं अंगण ओकाऱ्यांनी भरलं. कुणी म्हणालं देवी कोपली, कुणी म्हणालं शेजारच्या गावानं करणी केली. आणि तिकडं देवळामागं तिसरी पंगत बसलीसुद्धा, बायका-पोरांची. त्यात मावशीची लेक, नववा महिना लागलेली. पानात भात पडला होता.

मावशी ओकणाऱ्यांतून धावत सुटली. "कुठल्या पंगतीला होतास रे?"

"दुसऱ्या."

"आणि तू?"

"दुसऱ्याच."

"चव कशी लागली?"

गडी देवळाकडं बघू लागला.

"बोल की मुडद्या! देवी काय तुझ्या तोंडाला कान लावून बसलीय?"

"कढी... तांब्याची कडी चाटल्यागत लागली, मावशे. प्रसादाला कसं बोलायचं?"

मावशी तपेल्याकडं पळाली. "ओता ही कढी, कळकलीय!" वाढपी कढी भरून घेत होते. सांभा गुरव आडवा आला. "नैवेद्य दाखवलाय, ठके. प्रसाद ओतला तर देवी गाव बघून घेईल!"

लेकीनं भाताचं आळं करून ठेवलं होतं. समजावत बसायला वेळ कुठं होता?

मावशीनं वाढप्याच्या हातची पळी हिसकली, भरून तोंडाला लावली, घटाघटा प्याली, आणि तीच उष्टी पळी तपेल्यात बुडवून गरागरा फिरवली. वाढप्यांच्या भांड्यांतही बुडवली!

"बाटवलीस!" गुरव किंचाळला.

"बाटवली. आता ओता."

उष्टी कढी कोण खाणार? ओतली. पण मावशीच्या पोटात गेलेली कोण ओतणार? लेक तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मावशीला हिरवा घाम फुटला, पोटातून देवळाच्या घंटेसारखा आवाज येऊ लागला, आणि तो तीन कोस ऐकू गेला, असं म्हणतात. दुसऱ्या पंगतीतली दोन माणसं त्या दिवशी गेली. तिसरीतल्या एकाला साधी उचकी लागली नाही. तिसऱ्या दिवशी घंटा थांबली. सारा गाव धावत आला. मावशीनं डोळा उघडला, गुरवाकडं पाहिलं आणि म्हणाली, "मीठ कमी होतं रे."

आता तपेली स्टीलची आली, कल्हई गेली. तरी आमच्याकडं नैवेद्य देवीच्या आधी गावातली एक म्हातारी चाखते. प्रत्येक भांड्यातलं द्रोणात घेऊन खाते, चव मोठ्यानं सांगते आणि पारावर बसून राहते. तिथं प्रसादाला नाव ठेवायला पूर्ण मोकळीक. देवळाची सावली पार ओलांडेपर्यंत पंगत बसत नाही. सगळे भुकेले तिच्या तोंडाकडं बघत राहतात. बाहेरगावचे हसतात. हसू देत.

यंदा चाखायचा मान आमच्या हिचा होता. तिच्या स्वयंपाकाला चाळीस वर्षं नावं ठेवत आलोय मी. पण ती सावली सरकेपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द फुटेल तर शपथ.