पालथी कोनशिला

जरा थांबा. हा पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढा, ओलांडायला एवढा एकच दगड आहे, आणि आमच्या प्रशालेत यायचं तर त्याच्यावर पाय देऊनच यायचं अशी रीत आहे. आता वैशाखात पऱ्ह्या कोरडा, एक ढांग टाकली की पलीकडे, हे मलाही दिसतंय. तरी दगडावरूनच या. मागे एकदा कुलगुरूही असेच आले होते.

दगड गुळगुळीत आहे ना? ती त्याची पाठ. तोंड खाली आहे. त्या बाजूला एका मोठ्या माणसाचं नाव आणि भूमिपूजनाची तारीख कोरलेली आहे, असं सांगतात. नाव मला ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. तुम्ही समितीची माणसं, विद्यापीठातून पाहणीला आलात, म्हणून हा दगड इथे कसा आला तेवढं ऐकून घ्या. मी दत्ताराम पाष्टे, इथल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सेवक होतो. मी लागलो तेव्हा ही हकिकत घडून बारा वर्षं झाली होती, पण ज्यांच्या डोळ्यांसमोर घडली त्यांच्याच तोंडून मी ती ऐकली.

पर्यावरणशास्त्र आणि धोरण प्रशाला हे नाव तेव्हा पाटीवर मावत नव्हतं म्हणे. शास्त्रवाले पाणी, माती, झाडं मोजायचे, आणि मोजलेलं कुणी का वाचत नाही ते धोरणवाले शिकवायचे. दोन्हींचे मिळून विद्यार्थी अकरा. वर्ग भरायचे आंब्याच्या पेट्यांच्या जुन्या गोदामात, ते समोर कौलं दिसताहेत तिथे. प्रमुख होत्या डॉ. सुनीती खांडेपारकर. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत.

गोदाम गळायचं, वह्या भिजायच्या. शेवटी विद्यापीठाने तीन मजली इमारत मंजूर केली आणि जागा ठरवली वरच्या पठारावर, कातळसड्यावर. सपाट, मोकळी, विद्यापीठाच्याच नावावर असलेली. तिथे बांधायला हरकत नाही, हे कशावरून ठरलं? तर प्रशालेच्याच अहवालावरून. बाई नव्या होत्या तेव्हा मे महिन्यात चार दिवस सड्यावर फिरून त्यांनी तो लिहिला होता. शेवटचं वाक्य होतं, 'सदर जागेवर उल्लेखनीय असे काही नाही.' खाली बाईंची ठसठशीत सही.

भूमिपूजनाला बोलावलेल्या पाहुण्यांना सवड होती ती फक्त श्रावणाच्या अखेरीस. त्याच्या आठ दिवस आधी सड्यावर खुंट्या ठोकून दोरी ताणली गेली. सड्याखालच्या धनगरवाडीतली ठकूबाई झोरे तिथे म्हशी चारायची. दोरी सड्यावरच्या पावसाळी तळीच्या मधोमध गेलेली पाहून ती तडक गोदामात आली. तळीचं पाणी कातळातून झिरपून वाडीच्या झऱ्याला येतं आणि वाडी वर्षभर त्या एका झऱ्यावर जगते, हे तिने बाईंना सांगितलं. बाईंनी कपाटातून अहवाल काढून तिला वाचून दाखवला. ठकूबाई चिडली नाही म्हणे. एवढंच म्हणाली, "बाय, तू आलीस वैशाखात. घरातली समदी शेतावर गेल्यावर कुनाच्या घरात जायाचा, नि घर रिकामा हाय म्हनून लिवायचा, ही कुठली रीत?"

बाई उठल्या आणि तिच्या मागोमाग सड्यावर गेल्या. कातळ कुठे दिसतच नव्हता. सीतेची आसवं म्हणतात त्या इवल्या फुलांनी तो जांभळा झाला होता, मधे गेंदाची पांढरी बोंडं, आणि तळीत गुडघाभर पाणी. बाई सकाळपासून दिवस कलेपर्यंत तिथे बसून राहिल्या. त्यांना फार लाज वाटली. जे शिकवण्याचा त्या पगार घेत होत्या, ते त्यांना कधीही शाळेत न गेलेल्या ठकूबाईने दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विद्यापीठाला कळवलं की अहवाल चुकला आहे, इमारत नको. उत्तर चार ओळींचं आलं. अहवाल स्वीकारलेला आहे, पत्रिका छापलेल्या आहेत, आणि इमारत नको असेल तर प्रशालाही नको असं धरून ती बंद करण्यात येईल. बाईंनी ते पत्र विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, ज्याला दुसरीकडे प्रवेश घ्यायचा असेल त्याने खुशाल जावं. कुणी गेलं नाही.

भूमिपूजनाच्या दिवशी टेंपोतून कोनशिला आली. ती उभी करायला खड्डा खणला, तर तो खालून पाण्याने भरला. शिळा उभी केली, ती तोंडावर पडली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. असं तीनदा झालं म्हणतात. धोरणवाले म्हणतात, सडादेवीची इच्छा. शास्त्रवाले म्हणतात, कातळाखाली पाणी. मला दोन्ही चालतं.

तेवढ्यात बाई दोरी ओलांडून आत आल्या. कुलसचिवांनी अहवाल वर धरून सगळ्यांदेखत विचारलं, ही सही तुमचीच ना?

"माझीच आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर ती मोडायचं काम माझं. इथे काही नाही असं मी चार दिवसांत लिहिलं. काय आहे ते लिहायला बारा महिने लागतील. ते लिहून होईपर्यंत या दोरीच्या आत रोज कुणी ना कुणी बसलेलं असेल. आमच्यावरून बांधायचं असेल तर बांधा."

आणि त्या चांगल्या साडीनिशी ओल्या कातळावर बसल्या. अकरा विद्यार्थी बसले. ठकूबाईने म्हशी दोरीच्या आत सोडल्या. पाहुण्यांनी नारळ गाडीतच फोडला असंही कुणी सांगतात, पण ते मला खरं वाटत नाही.

त्या दिवसापासून वर्ग सड्यावर भरू लागला. प्रत्येकाला हातभर लांब, हातभर रुंद कातळ नेमून दिला. त्यावर काय उगवतं, काय येतं, काय जातं ते रोज लिहायचं. पावसासाठी ठकूबाईने वाडीतून इरली आणून दिली. फुलं सरली, तळी आटली, कातळ तापला, तरी मंडळी हलली नाहीत. पुढच्या वैशाखात एका मुलीला तिच्या हातभर जागेत टिटवीची चार अंडी दिसली, उघड्या कातळावर, कातळाच्याच रंगाची. त्याच कातळावरून, अशाच वैशाखात बाई पूर्वी चार दिवस फिरल्या होत्या. ती अंडी पाहून बाई रडल्या म्हणे.

बाराव्या महिन्यात बाराव्या वहीवर बाईंनी सही केली. काम सुरूच न झाल्याने इमारतीची मंजुरी तोवर रद्द झाली होती. पडलेली शिळा ठकूबाईने मागून घेतली, पावसाळ्यात तिच्या रेड्या पऱ्ह्यात अडकायच्या म्हणून. सगळ्यांनी मिळून ती इथे आणून पालथी घातली.

प्रशाला बंद करायची राहिली होती, पण त्यासाठी समितीने येऊन, इथे उल्लेखनीय काही नाही, असं लिहून देणं भाग होतं. समितीने मे महिन्यातला एक दिवस कळवला. बाईंनी उलट टपाली लिहिलं, बारा महिने राहणार असाल तर या, गोदामात जागा आहे. समिती आली नाही. बाई गेल्या, ठकूबाई गेली, ती फाइल मात्र अजून उघडीच आहे म्हणतात. साहेब, तुमच्या काखेत आहे ती तीच का? असू दे.

आजही आमच्याकडे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हातभर कातळ मिळतो, आणि बारा महिने त्यावर बसल्याशिवाय त्याला कशावरही सही करू देत नाहीत. आजही गोदाम गळतं. आजही वाडी त्याच झऱ्याचं पाणी पिते. तुमची अंथरुणं काढून ठेवली आहेत, पाच जणांची, बारा महिने पुरतील अशी. राहणार नसाल तर निदान सडा बघून जा. वर चालताना मात्र पाय जपून टाका. टिटवी अंड्यावर आहे, आणि ती अंडी तुम्हाला दिसणार नाहीत.